मेटल डिटेक्टर उघडण्याआधी: पुण्यातल्या हौशी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

गेली काही वर्षं मी सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन ओळखीच्यांच्या शेतांत फिरतो आणि आठवड्यातल्या संध्याकाळी तेच डिटेक्टर टेबलावर उघडून बसतो. नवीन मंडळी येतात तेव्हा साधारण हेच प्रश्न विचारतात. एकदाचं नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान.

विकतचा डिटेक्टर चांगला चालत असताना त्यात फेरफार कशाला?

चांगला चालत असेल तर करूच नका. पण सासवडच्या वाटेवरच्या मुरमाड रानात तो चालू करा आणि मग ठरवा. बहुतेक साधी यंत्रं कारखान्यातच एका सरासरी जमिनीसाठी जुळवून बंद केलेली असतात. आपली जमीन त्या सरासरीत बसत नाही. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्यांची थाळी, खाली नेली की यंत्र कुरकुरतं, उचलली की गप्प होतं, आणि दिवसभर तेच ऐकून माणूस वैतागतो. फेरफाराची हौस आमच्यापैकी बहुतेकांना तिथूनच लागली. मग ती हौस स्वतंत्रपणे वाढते, हेही खरं. आपण गुंडाळलेल्या कॉइलने पहिलं नाणं दाखवलं की मनाला जे वाटतं ते विकतच्या यंत्राने कधी वाटत नाही.

पुण्याच्या जमिनीत असं काय आहे?

आपण बसलोय तो सगळा दख्खनचा काळा पाषाण. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून हा बेसॉल्ट तयार झाला. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहाचं खनिज असतं. दगड झिजून मुरूम झाला, मुरूम कुजून माती झाली, तरी ते काळे कण तसेच राहतात.

स्वतः बघायचं असेल तर स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ओढ्याकाठच्या कोरड्या वाळूतून एकदा फिरवा. बाहेर काढलं की पिशवीला काळ्या मिशा फुटलेल्या असतात. पिशवी उलटी करून ते कण कागदावर झटका आणि तो कागद कॉइलसमोर हलवा. डिटेक्टर ओरडेल. आता विचार करा, कॉइलखालच्या प्रत्येक घमेलंभर मातीत हे कण आहेत. आपलं नाणं दोन ग्रॅमचं, आणि त्याच्याभोवतीची जमीन स्वतःच बोलतेय.

त्यातही प्रकार आहेत. नदीकाठची गाळाची काळी माती त्या मानाने शांत. डोंगरउतारावरचा मुरूम त्रास देतो. सगळ्यात वाईट म्हणजे सुटे भाजल्यासारखे तांबूस-काळे गोटे. मुठीएवढा एक गोटा हुबेहूब नाण्यासारखा आवाज देतो, उकरून हातात घेतल्यावरच कळतं. असे दोन-तीन गोटे घरी आणून ठेवा, पुढे चाचणीला लागतात.

माझा डिटेक्टर कुठल्या जातीचा, हे कसं ओळखू?

डिस्क्रिमिनेशनचं बटण असेल, म्हणजे लोखंड वगळण्याची सोय असेल, आणि कॉइलमध्ये दोन वेगळी वेटोळी असतील, तर तो बहुधा व्हीएलएफ, म्हणजे ‘व्हेरी लो फ्रीक्वेन्सी’. यात एक वेटोळं सतत लहरी सोडतं आणि दुसरं ऐकतं. ही यंत्रं साधारण 5 ते 20 किलोहर्ट्झच्या आसपास काम करतात.

दुसरी जात पल्स इंडक्शनची, बोलताना आपण नुसतं ‘पीआय’ म्हणतो. यात एकच वेटोळं असू शकतं. ते क्षणभर जोराचा प्रवाह घेतं, प्रवाह तोडला जातो, आणि त्यानंतर काही मायक्रोसेकंदांनी धातूकडून येणारा प्रतिसाद तेच वेटोळं ऐकतं. मुरमाड जमिनीत पीआय पुष्कळ शांत चालतं. पण साध्या पीआयला खिळा आणि अंगठी यांतला फरक कळत नाही, सगळंच उकरावं लागतं.

खालची उत्तरं वाचताना आपली जात लक्षात ठेवा. एकीचा उपाय दुसरीला लावला की पंचाईत होते.

बॅटरीचा व्होल्टेज वाढवला की खोली वाढेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि याच उत्तरावर लोक सगळ्यात जास्त नाराज होतात.

कॉइलपासून दूर जाताना तिचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. ते नाण्यापर्यंत पोचतं, नाण्यात प्रवाह उठतो, आणि त्या प्रवाहाचं क्षेत्र परत कॉइलपर्यंत येताना पुन्हा घनाच्या प्रमाणात घटतं. म्हणजे लहान वस्तूच्या बाबतीत, एका मर्यादेपलीकडे, संकेत अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो. आता हिशेब करा. सोडलेली ताकद दुप्पट केली तर खोली वाढते दोनाच्या सहाव्या मुळाइतकी, म्हणजे 1.12 पट. 20 सेंटीमीटरवर लागणारं नाणं 22 सेंटीमीटरवर लागेल. खोली दुप्पट हवी असेल तर ताकद 64 पट लागेल.

आणि जमिनीचा आवाज? तोही दुप्पट होतो. आपल्या मुरमात तर ती दोन सेंटीमीटरसुद्धा हाती लागत नाहीत. शिवाय रेग्युलेटर तापतो, कॅपॅसिटर त्यांच्या मर्यादेपलीकडे जातात. मी हे करून पाहिलंय. एका जुन्या यंत्राचा बोर्ड त्यात कायमचा गेला आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ते यंत्र मित्राच्या वडिलांचं होतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: यंत्र शांत करण्यावर मेहनत घ्या. गोंगाट निम्मा झाला की जे आधीपासून ऐकू येत होतं पण कळत नव्हतं, ते कळायला लागतं. मी आजवर केलेले जे बदल खरोखर उपयोगी पडले, ते सगळे याच प्रकारचे आहेत.

मग पहिला बदल कोणता करावा?

व्हीएलएफ असेल तर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा आवाज गप्प करणारी जुळणी. बऱ्याच साध्या यंत्रांत बोर्डावर एक छोटा प्रीसेट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर असतो, कारखान्यात तो फिरवून त्याच्यावर लाखेचा ठिपका दिलेला असतो. तो काढून त्याच किमतीचा दहा फेऱ्यांचा पॉट, म्हणजे हाताने फिरवायचा रेझिस्टर, बाहेरच्या पॅनेलवर आणायचा. साध्या पॉटने जमत नाही. एका फेरीत सगळी मजल संपते आणि आपल्याला हवी असलेली जागा केसभर रुंदीची असते.

प्रीसेट काढण्याआधी बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. काढल्यावर तो न फिरवता मल्टिमीटरने मधल्या पायापासून दोन्ही टोकांचे ओहम मोजा आणि झाकणाच्या आत चिठ्ठीवर लिहून चिकटवा. उद्या काही बिघडलं तर तीच चिठ्ठी तुम्हाला घरी परत आणेल. पॉटपर्यंतच्या तारा आखूड आणि शील्डवाल्या, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणारं धातूचं आवरण असलेल्या घ्या.

शेतात गेल्यावर धातू नसलेली हातभर जागा शोधा. कॉइल जमिनीपासून गुडघ्यापर्यंत वर-खाली करत पॉट फिरवा. खाली नेताना आवाज चढत असेल तर एका बाजूला, उतरत असेल तर दुसऱ्या. मध्ये एक जागा अशी येते की कॉइल वर-खाली होतेय आणि आवाज जागचा हलत नाही. पहिल्यांदा ती जागा सापडली तेव्हा मला वाटलं यंत्र बंद पडलं. खिशातली किल्ली खाली टाकून खात्री केली.

दुसरा सोपा बदल हेडफोनचा. सॉकेट आणि आवाज कमी-जास्त करायचा पॉट, एवढंच. खोलवरचा संकेत म्हणजे आवाजात पडलेली किंचित सुरकुती असते, उघड्या स्पीकरवर वाऱ्यात ती हरवते.

ब्लूटूथ हेडफोन चालतील का?

साधे नकोत. आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने उशिरा येतो, तेवढ्यात कॉइल वीतभर पुढे गेलेली असते आणि तुम्ही चुकीच्या जागी उकरता. वायर बरी.

कॉइल घरी गुंडाळता येते का?

येते, आणि पीआयची एकच वेटोळ्याची कॉइल तर नवख्यालाही जमते. तिथून सुरुवात करा.

555 टायमर ही ठेका देणारी चिप, संकेत मोठा करणारा एक ऑप-अँप आणि कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा आयआरएफ740 हा मॉस्फेट वापरून केलेला साधा पीआय पुष्कळ हौशी लोक बनवतात. त्याला 19 सेंटीमीटर व्यासाचे 25 वेढे पुरतात. तार 0.5 मिलिमीटरची इनॅमल्ड तांब्याची. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिलिमीटर सांगू नका, ‘25 गेज’ म्हणा. साधारण 15 मीटर लागते, जोडणीसाठी थोडी जास्त घ्या. गुंडाळून झाल्यावर टोकांवरचं इनॅमल पॉलिश पेपरने घासून तांबं उघडं करा आणि मल्टिमीटर लावा. सव्वा ओहमच्या जवळपास आकडा यायला हवा. फार कमी आला तर कुठेतरी इनॅमल खरवडून वेढे एकमेकांना भिडलेत.

साच्यासाठी मी घरातलं दूध तापवायचं पातेलं वापरतो. त्याच्याभोवती आधी जाड कागदाची पट्टी, म्हणजे वेटोळं नंतर सरकवून काढता येतं. तार ओढून धरा. वेढे ढिले राहिले की गवताच्या काडीला कॉइल घासली तरी यंत्र बोलतं. सुटल्यावर वेटोळं सुती दोऱ्याने आवळून बांधा आणि वॉर्निशमध्ये भिजवून वाळवा.

मग डॅम्पिंगचा रेझिस्टर. प्रवाह तुटल्यावर कॉइल घंटेसारखी घुमत राहते आणि ती घुमत असेपर्यंत नाण्याचं बोलणं ऐकू येत नाही. कॉइलच्या समांतर लावलेला रेझिस्टर ही घुमणी थांबवतो. मोठा लावला तर घुमणं चालूच राहतं, फार लहान लावला तर उतार लांबतो. नेमका आकडा प्रत्येक कॉइलचा वेगळा, म्हणून तात्पुरता एक किलोओहमचा पॉट लावून ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, बघत जुळवा, मग तेवढ्याच किमतीचा पक्का रेझिस्टर डागून टाका.

इथे एक धोका नीट वाचा. बॅटरी 12 व्होल्टची असली तरी प्रवाह तुटतो त्या क्षणी कॉइलच्या टोकांवर काही शे व्होल्ट उठतात. चालू यंत्राच्या कॉइलच्या उघड्या टोकांना हात लावू नका, आणि ऑसिलोस्कोपचा प्रोब दहापटीच्या स्थितीत ठेवल्याशिवाय तिथे टेकवू नका.

व्हीएलएफची कॉइलही अशीच करता येईल?

वेळ आणि सोशिकता असेल तर. तिथे दोन वेटोळी एकमेकांवर अशी बसवावी लागतात की सोडणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्याला जवळजवळ शून्य पोचावा. ही जागा बोटांनी सरकवत शोधायची, मल्टिमीटरवर मिलिव्होल्ट कमीत कमी होईपर्यंत. नखाएवढं सरकलं तरी आकडा उडी मारतो. शिवाय यंत्राला ठरावीक इंडक्टन्स (वेढ्यांच्या संख्येवर आणि आकारावर ठरणारा कॉइलचा गुण) लागतो, म्हणून एका कंपनीची कॉइल दुसऱ्याला नुसता प्लग जुळला म्हणून चालत नाही.

माझी पहिली व्हीएलएफ कॉइल मी तीन आठवडे जुळवली आणि शेवटच्या संध्याकाळी घालवली. इपॉक्सी एकाच वेळी जाड थरात ओतलं. घट्ट होताना ते तापतं हे माहीत होतं, पण कवच हाताला चटका बसेल इतकं तापलं. सकाळी पाहिलं तर वेटोळी सरकलेली आणि कवच वाकलेलं. आता मी सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी घेतो, करंगळीच्या निम्म्या जाडीचे थर देतो, आणि प्रत्येक थर पूर्ण गार झाल्यावर मिलिव्होल्ट पुन्हा बघतो.

आकाराबद्दल: मोठी कॉइल खोल जाते हे मोठ्या वस्तूंपुरतं बरोबर आहे. मोठ्या कॉइलखाली जमीनही जास्त येते, आणि आपली जमीन बोलकी आहे. मुरमात मी वीतभर कॉइल वापरतो. दोस्तांना हे आधी पटत नाही, शेतात दोन्ही फिरवून दाखवल्यावर पटतं.

कॉइलला शील्ड हवंच का?

हवं. ओलं गवत जवळ आलं की कॉइलचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याचा गुण, बदलतो आणि यंत्र खोटं बोलतं. व्हीएलएफला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली तरी चालते, फक्त एका जागी बोटभर अंतर मोकळं सोडा. ते विसरलात तर फॉइलचा पूर्ण फेरा म्हणजेच एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो. शील्डला एक तार लावून ती केबलच्या ग्राउंडला जोडा. पीआयला फॉइल घालू नका, तो त्या फॉइललाच धातू म्हणून ऐकतो. तिथे ग्रॅफाइटचा रंग बरा, आणि कॉइल व शील्ड यांच्यामध्ये तारांवर गुंडाळायच्या स्पायरल प्लास्टिकच्या पट्टीचा थर.

रिचार्जेबल सेल टाकू का?

टाका, पण बेरीज करून. साधा पेन्सिल सेल 1.5 व्होल्टचा, रिचार्जेबल 1.2 चा. आठ सेलच्या यंत्रात 12 ऐवजी 9.6 होतात आणि काही यंत्रं तेवढ्यावर लगेच बॅटरी कमी दाखवतात. तिथे 18650 जातीचे तीन लिथियम सेल मालिकेत जोडले तर भरल्यावर 12.6 व्होल्ट येतात, ते जमतं. संरक्षक सर्किट आणि फ्यूज लावल्याशिवाय मात्र मुळीच नको. जुन्या लॅपटॉपमधले सेल स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. कमरेला लिथियम पेटलं तर पळायला जागा नसते.

व्होल्टेज चढवणारे छोटे बूस्ट कन्व्हर्टरही टाळा. ते स्वतःच इतका गोंगाट करतात की वरची सगळी मेहनत पाण्यात जाते. बॅटरी जड असेल तर ती कोपराच्या मागे बसवा. पुढच्या कॉइलला तोल मिळतो, खांदा दुखत नाही.

घरात वेडावाकडा चालतो, शेतात नीट. बिघडलाय का?

नाही. फ्लॅटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी आहे, इन्व्हर्टर, एलईडी दिवे, स्कूटरचा चार्जर सगळे बोलतायत. 1881 मध्ये ग्रॅहम बेलने अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असंच यंत्र नेलं होतं. गोळी सापडली नाही, आणि गादीखालच्या पोलादी तारांनी गोंधळ घातल्याचं पुढे सांगितलं गेलं. चाचणी गच्चीवरही नको, मोकळ्या मैदानात घ्या.

रुपयाचं नाणं माझा डिटेक्टर खिळा म्हणून का वगळतो?

कारण ते लोखंडाच्याच गोतातलं आहे. 1992 पासूनची एक रुपयाची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत, लोहचुंबकाला चिकटतात. डिस्क्रिमिनेशन चढवलं की तीही गप्प होतात. जुने अॅल्युमिनियमचे पाच-दहा पैसे मात्र छान वाजतात. हे फेरफाराने सुटणारं नाही, फक्त चाचणीला रुपया वापरू नका.

बदलाने फायदा झाला की नुसतं वाटतंय, हे कसं कळणार?

एका वेळी एकच बदल करा. दोन केले आणि यंत्र सुधारलं तर कुणामुळे ते कळत नाही, बिघडलं तर त्याहून वाईट.

शक्य असेल तर चाचणीचा वाफा करा. माझा एका मित्राच्या मुळशीतल्या जागेवर आहे. 5, 10, 15 आणि 20 सेंटीमीटरवर एकसारखी चार जुनी नाणी, थोडं दूर एक खिळा, एक बाटलीचं झाकण, आणि तो खोटं बोलणारा गोटा. पुरल्यावर एक पावसाळा जाऊ द्या, कारण उकरलेली सैल माती आणि बसलेली माती यांत संकेत सारखा येत नाही. प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर त्याच वाफ्यावरून फिरवून वहीत लिहा. हवेत धरून घेतलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका, हवेत मुरूम नसतो.

पावसाळ्यात वापरता येतो का?

कॉइल सीलबंद असेल तर येतो. कंट्रोल बॉक्सला छत्रीच्या कापडाची पिशवी शिवून घ्या. केबल कॉइलमध्ये शिरते तिथून पाणी आत जातं, ती जागा दर जूनमध्ये तपासा. खालचा दांडा प्लास्टिकचा आणि बोल्ट नायलॉनचा हवा, लोखंडी एकही नको.

सामान कुठून आणायचं?

पार्ट्ससाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. हार्डवेअर, पॉलिश पेपर, नायलॉनचे बोल्ट यांसाठी बोहरी आळी. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जुने हेडफोन, केबली, पेट्या मिळतात. मल्टिमीटर खिशात ठेवून जा.

सिंहगडावर नेऊ का? खजिना लागला तर?

नाही. सिंहगड, शनिवारवाडा, लोहगड, विसापूर, शिवनेरी, कार्ले-भाजे, कुठल्याही गडावर, लेण्यांत, जुन्या वाड्याच्या जागेत डिटेक्टर न्यायचा नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथली प्रत्येक वस्तू ज्या थरात आहे त्या थरामुळे बोलते. ती उपटून आणली की शिवराई म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा उरतो. या बाबतीत मी कुणालाही सवलत देत नाही, असा बेत कानावर आला की त्याच्या यंत्राला मी हात लावत नाही.

आपल्या किंवा परवानगीच्या शेतातही जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लष्कराच्या जागांजवळ फिरू नका. बॉम्बगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे या आणि 112 लावा.

मग एवढं सगळं करून मिळतं काय?

बैलाच्या पायाचे नाल, मोडके विळे, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरच्या पिना, पाच-दहा पैसे. जुन्या लाकडातले खिळे शोधून द्यायला सुतार बोलावतात. आणि कधीकधी निरोप येतो.

गेल्या वर्षी सासवडच्या बाजूला भुईमुगाच्या खुरपणीत एका मावशींचं जोडवं पडलं. दोन दिवस त्यांनी हाताने माती चाळली होती. मी गेलो तेव्हा म्हणाल्या, “दादा, लग्नातलं हाय वो, बघा तेवढं.” रान मुरमाड. पॉट सव्वा फेरी मागे घेतला तेव्हा कुठे यंत्र गप्प झालं. चौथ्या सरीत आवाजाला बारीक सुरकुती पडली, इतकी बारीक की मी दोनदा मागे आलो. चार बोटं खाली, मातीच्या ढेकळात जोडवं होतं. मावशींनी ते तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, पदराला पुसलं, पायात घातलं, आणि माझ्यासाठी चहा टाकायला सुनेला हाक मारून पुन्हा खुरपं उचललं. अर्धी सरी राहिली होती.